तुमचे प्रश्न : जीन बदललेली मधमाशी आपल्या पेटीत येणार का?

मागच्या अंकात डाळिंबाच्या आंबे बहाराला पेट्या कधी ठेवायच्या यावर लिहिलं होतं, आणि जाता जाता एक ओळ टाकली होती की परदेशात लॅबमधे मधमाशीचे जीनसुद्धा बदलून बघतायत. झालं, डाळिंब राहिलं बाजूला आणि सगळे प्रश्न त्या एका ओळीवरच आले. निफाड, सुरगाणा, सिन्नर, नाशिकरोड, सगळीकडून. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, आणि सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई नमस्कार. माझे दीड एकर कांद्याचे डोंगळे (बियाण्यासाठी फुलू दिलेला कांदा) असतात, उळं, म्हणजे बी, मी घरचंच करतो आणि थोडं विकतो पण. दरवर्षी फुलोऱ्यात मेलिफेराच्या (परदेशातून आलेल्या पाळीव मधमाशीच्या) पेट्या भाड्यानं आणतो. यंदा एकजण बांधावर आला, म्हणे माझ्याकडे जीन बदललेल्या माशीच्या पेट्या आहेत, राणी इम्पोर्टेड आहे, वरोआ कीड लागत नाही, मध डबल, काम डबल. भाडं पण डबल सांगतोय. घेऊ का? आणि अशी माशी शेतात सोडली तर काही धोका आहे का? (निफाड तालुका)

दादा, घेऊ नका. जगात कुठेच जीन बदललेली मधमाशी शेतकऱ्याला विकायला किंवा भाड्यानं द्यायला नाहीये. जर्मनीत नाही, अमेरिकेत नाही, जपानमधे नाही, तर निफाडच्या बांधावर कुठून येणार. ज्या लॅबमधे अशा माश्या तयार होतात तिथे त्या बंद जागेत, जाळीच्या आत ठेवतात. आपल्याकडे तर १९८६ च्या पर्यावरण कायद्याखाली १९८९ चे नियम आहेत, त्यात जीन बदललेला कुठलाही जीव आणायचा, ठेवायचा, मोकळा सोडायचा तर आधी सरकारी समितीची परवानगी लागते, तीच जीईएसी जिचं नाव तुम्ही बीटी कापसाच्या आणि जीएम, म्हणजे जीन बदललेल्या, मोहरीच्या बातम्यांत ऐकलं असेल. मधमाशीला अशी परवानगी मिळालेली नाही.

मग त्या माणसाकडे काय असेल? बहुतेक साधी मेलिफेराच, जी १९६२ मधे हिमाचलमधल्या नगरोटा बगवांला पहिल्यांदा नीट रुजली आणि तिथून देशभर गेली. फार तर निवड करून वाढवलेली राणी असेल. आणि इथेच लोकांचा घोळ होतो. चांगल्या पेटीची राणी निवडून तिच्या मुली वाढवणं म्हणजे जीन बदलणं नव्हे, आपण जातिवंत गाय निवडतो तसंच ते. जीन बदलणं म्हणजे अंड्यात सुई घालून आतला डीएनए कापणं किंवा बाहेरचा तुकडा त्यात बसवणं. दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक आहे, आणि विकणारे लोक मुद्दाम दोन्ही एकाच वाक्यात बोलतात म्हणून सांगते.

धोक्याचं विचारलंत ते फार बरं केलंत. एक जुनी गोष्ट सांगते, यात जीन बदलणं वगैरे काही नव्हतं तरी सांगते. १९५६ मधे वॉरविक केर नावाच्या शास्त्रज्ञानं आफ्रिकेतल्या राण्या ब्राझीलला आणल्या, हेतू चांगला होता, उष्ण हवेत जास्त मध देणारी माशी तयार करायची. १९५७ मधे रिओ क्लारोजवळच्या पेट्यांच्या दारातल्या, राणी बाहेर पडू नये म्हणून लावलेल्या जाळ्या कोणीतरी काढल्या आणि २६ वसाहती राणीसकट उडून गेल्या. फक्त २६. त्यांचे नर तिथल्या राण्यांशी जुळले, त्यांच्या मुली पुढे सरकल्या, आणि ही तापट माशी दक्षिण अमेरिका, मध्य अमेरिका पार करत १९९० मधे टेक्ससला पोचली. परत बोलावता आली नाही. गाईला दावं असतं, कोंबडीला खुराडं असतं, पण राणीमाशी आयुष्यात एकदा का लग्नाला उडाली की उंच हवेत दहा-पंधरा नरांशी जुळते, आणि ते नर कुठल्या पेटीतले, कुठल्या गावातले हे तुम्हाला मला कधीच कळत नाही. म्हणून जीन बदललेली माशी मोकळी सोडायला मी स्वतः आज तरी पूर्ण विरोधात आहे. लॅबमधल्या संशोधनाला विरोध नाही, त्यावर खाली लिहिलंय.

आता तुमच्या डोंगळ्यांचं. कांद्याच्या गोंड्यातल्या फुलात पराग आधी सुटतो आणि त्याच फुलाची मादी बाजू नंतर तयार होते, त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्यावर न्यायला कोणीतरी लागतंच. पण कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं, माशीला तो फार आवडत नाही, जवळपास दुसरं काही फुललं असेल तर ती तिकडे पळते. म्हणून पेट्या फार आधी आणू नका, थोडे गोंडे उमलले की मग आणा, नाहीतर त्या दुसऱ्याच फुलांना लागतात आणि तुमच्या गोंड्यांकडे बघतही नाहीत. आणि भाडं ठरवायच्या आधी पेटी उघडून दाखव म्हणा. चौकटी दोन्ही बाजूंनी माश्यांनी भरलेल्या पाहिजेत, अंडी दिसली पाहिजेत, झाकलेला पिलावा, म्हणजे वाढणाऱ्या पिलांची घरं, सलग पाहिजे. वरोआ बघायची तर अर्धा कप माश्या, साधारण तीनशे भरतात, बरणीत घ्यायच्या, तोंडाला बारीक जाळी लावायची, दोन चमचे पिठीसाखर टाकून हलक्या हातानं घोळवायच्या आणि पांढऱ्या ताटात साखर झटकायची. विटकरी रंगाचे चपटे ठिपके पडले की मोजा. माश्या जिवंत राहतात, परत पेटीत सोडून द्या. जो म्हणतो माझ्या माशीला कीड लागत नाही त्याच्यासमोरच करा हे.

अजून एक, फुलोऱ्यात दुपारी फवारणी नको. चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत दिंडोरीकडे आमच्या दोन पेट्या गेल्या, शेजारच्या प्लॉटवर भर बाराला फवारलं होतं, संध्याकाळी गेले तर दारासमोर मेलेल्या माश्यांचा बोटभर थर, आणि जवळून बघितलं तर प्रत्येकीची सोंड बाहेर आलेली, काही अजून पाय हलवत होत्या. आत राणी मूठभर माश्यांना घेऊन बसलेली. आठवलं की अजून पोटात कालवतं. फवारायचंच असेल तर अंधार पडताना, माश्या घरी गेल्यावर, आणि पेटीवाल्याला आदल्या दिवशी फोन करून.

प्रश्न : मॅडम, मी बीएस्सी झूलॉजीला आहे. आम्हाला ड्रोसोफिलात (फळमाशीत) १९८२ पासून बाहेरचा जीन घालता येतो असं शिकवलं. मग मधमाशीत इतका उशीर का लागला? आणि एवढ्याशा अंड्यात नक्की करतात काय? (नाशिक)

तुझा प्रश्न वाचून खरंच आनंद झाला, कारण उशीर का लागला हे समजलं की मधमाशी समजते.

१९८२ मधे फळमाशीत जमलं आणि मधमाशीत जमलं २०१४ मधे, म्हणजे बत्तीस वर्षं. फळमाशी बाटलीत राहते, दहा-बारा दिवसांत पिढी होते, एक नर एक मादी बाटलीत टाकली की काम झालं. मधमाशीत अंडी घालणारी एकच, ती बाटलीत राहत नाही, जुळणी आभाळात करते, आणि तिची अळी कामकरी माश्यांनी भरवल्याशिवाय वाढत नाही. त्या दाया पण चिकित्सक, अळीत जरा काही बिघडलेलं वाटलं की उचलून बाहेर. म्हणजे तुला एका किड्यावर नाही, अख्ख्या घरावर प्रयोग करायचाय.

अंडं तू बघितलं नसशील तर एकदा ये, दाखवते. सकाळचं ऊन पाठीवर घेऊन चौकट तिरकी धरायची, पोळ्यातल्या एकेका घराच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरी काडी दिसते, दीडेक मिलिमीटर. आज घातलेलं अंडं उभं असतं, उद्या कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं आणि मग फुटून अळी येते. लॅबमधे राणीला प्लास्टिकच्या पोळ्यावर छोट्या पिंजऱ्यात ठेवतात, तिथल्या घरांचे तळ सुटे निघतात, म्हणजे अंड्याला हात न लावता तळासकट उचलता येतं. घातल्यापासून काही तासांच्या आत, पेशी अजून वेगळ्या झालेल्या नसताना, मायक्रोस्कोपखाली काचेच्या अतिबारीक सुईनं त्यात जीन बदलणारं द्रावण सोडायचं, ते इतकं कमी की थेंब म्हणायचीही सोय नाही. मग पस्तीस डिग्री, भरपूर ओलावा, आणि वाट बघायची. बरीच अंडी फुटतच नाहीत. जी फुटतात त्या अळ्या उचलून राणीघरात ठेवायच्या आणि बिनराणीच्या वसाहतीला द्यायच्या, त्यांनी पसंत केल्या तर सोळाव्या दिवशी राणी बाहेर.

२०१४ मधे जर्मनीत ड्यूसेलडॉर्फच्या विद्यापीठात मार्टिन बाये यांच्या गटानं जे सुईतून सोडलं त्याचं नाव पिगीबॅक. हा मूळचा एका पतंगातला उड्या मारणारा डीएनए, त्या पतंगाची अळी कोबीवर पडते, आपल्या उंटअळीसारखी पाठ उंचावत चालणारी. स्वतःला कापून दुसरीकडे चिकटायची त्याची सवय, त्याच्या पाठीवर हवा तो जीन बसवला की तोही सोबत जाऊन चिकटतो, लोकलच्या गर्दीत कोणाच्या तरी रेट्यानं आपण चढतो तसं. सोबत एक चमकणारं प्रथिन पण दिलं होतं म्हणजे खास प्रकाशात माशी बघितली की कळतं, लागलं की नाही. पण पिगीबॅक कुठे चिकटेल हे आपल्या हातात नसतं.

ते हातात आलं क्रिस्परमुळे. हे तर तुला माहीतच असेल, बॅक्टेरियाची व्हायरसविरुद्धची कात्री, २०२० चं केमिस्ट्रीचं नोबेल शार्पांतिये आणि डाउडना यांना यासाठीच. मधमाशीत ती पहिल्यांदा नीट चालवली २०१६ मधे टोकियोत ताकेओ कुबो यांच्या गटानं. त्यांनी राजान्नातल्या, म्हणजे रॉयल जेलीतल्या, मुख्य प्रथिनाचा जीन तोडला. आणि इथे मधमाशीच्या निसर्गाची एक गंमत त्यांच्या मदतीला आली, ती नीट वाच.

अंड्यात कात्री सोडली तर सगळ्याच पेशींत काप पडतो असं नाही, काहींत पडतो काहींत नाही, असा ठिगळाठिगळांचा जीव तयार होतो, त्याला मोझॅक म्हणतात. मग निकाल कसा वाचणार? पण मधमाशीत नराला बाप नसतो. राणी न फळलेलं अंडं घालते त्यातून नर होतो, त्याच्याकडे क्रोमोसोमचा एकच सेट, सोळा, आणि राणी-कामकरीकडे बत्तीस. म्हणजे मोझॅक राणीचं जे अंडं तुटलेला जीन घेऊन निघालं त्यापासून झालेल्या नरात दुसरी कॉपीच नाही, अंगातल्या प्रत्येक पेशीत तोच बदल, लपायला जागाच नाही. त्यासाठी राणीला उडू द्यायचीही गरज नाही, कार्बन डायऑक्साइडची गुंगी दिली की न जुळलेली राणीसुद्धा अंडी घालायला लागते, आणि सगळी नराचीच. पुढे त्या नराचं वीर्य बारीक नळीत घेऊन दुसऱ्या राणीत सोडता येतं, राण्यांचं हे कृत्रिम रेतन १९२० च्या दशकापासून होतंय.

हे सगळं कशासाठी, तर माशीला प्रश्न विचारायला. मला वाटतं बाहेर लोकांना हेच कळत नाही, त्यांना वाटतं सुपर माशी बनवतायत. जीन तोडायचा आणि बघायचं काय अडतं, म्हणजे त्या जीनचं काम काय होतं ते कळतं. राणी आणि कामकरी यांचा डीएनए सारखाच, फरक खाण्याचा, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण खाणं आत जाऊन नक्की काय करतं? २००८ मधे ऑस्ट्रेलियातल्या गटानं अळ्यांमधे एक एन्झाइम दाबलं, जे डीएनएवर खुणा करतं, त्यात जीन बदलला नाही, आरएनएच्या पद्धतीनं फक्त त्याचा निरोप मधेच अडवला, आणि बहुतेक अळ्या पूर्ण अंडाशयाच्या राणीसारख्या झाल्या. मग २०१९ मधे बाये यांच्याच गटानं क्रिस्पर इतकं सुधारलं की मोझॅकचा त्रास टळला आणि थेट अंड्यातून निघालेल्या पहिल्याच पिढीत निकाल वाचता आला, त्यात फेमिनायझर नावाचा जीन तोडलेल्या मादी अळ्या कामकरीच्या खाण्यावर वाढवल्या तर कामकरीच्या बारक्या अंडाशयाऐवजी नराचे मोठे अवयव तयार झाले. म्हणजे खाणं एकटंच राज्य करत नाही, आधी जीनचा होकार लागतो. २०२४ मधे त्याच गावच्या लोकांनी डबलसेक्स नावाचा जीन बदललेल्या कामकरी माश्यांच्या पाठीवर क्यूआर कोड चिकटवून कॅमेऱ्यानं त्यांचा दिवसभराचा हिशोब ठेवला, आणि त्यांची पोळ्यातली कामं इतर बहिणींसारखी होत नव्हती. कोणी न शिकवता माशी अळीला भरवते, घरं तपासते, ते तिच्या मेंदूत आधीच कसं लिहिलेलं असतं याचा हा धागा आहे, आणि मला तर हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

परीक्षेसाठी एक लक्षात ठेव, मधमाशीचा जीनोम पहिल्यांदा छापला गेला २००६ मधे, तेव्हा जीन दहा हजारांच्या आसपास मोजले, २०१४ च्या सुधारित मोजणीत ते पंधरा हजारांवर गेले.

प्रश्न : लॅबमधल्या या संशोधनाचा माझ्यासारख्या वीस पेट्यांच्या माणसाला काय उपयोग? मी राण्या स्वतः वाढवतो. गेली दोन वर्षं पिलावा छर्रे मारल्यासारखा दिसतो, मधेमधे घरं रिकामी. राणी तर जवान आहे. (दिंडोरी)

भाऊ, तुमच्या प्रश्नात उत्तर दडलंय. राण्या किती वसाहतींपासून वाढवता? एकाच आवडत्या पेटीपासून असेल तर हे असंच होणार.

२००३ मधे बाये आणि सोबत्यांनी मधमाशीचा लिंग ठरवणारा जीन शोधला, सीएसडी. याचे बरेच प्रकार असतात. आईकडून एक प्रकार आणि बापाकडून दुसरा आला की मादी, एकच कॉपी असेल तर नर. पण नात्यातल्या नात्यात जुळणी झाली आणि दोन्हीकडून तोच प्रकार आला तर फळलेलं अंडं असूनही नर होतो, आणि असे नर कामकरी माश्या अळी फुटल्यावर काही तासांत खाऊन टाकतात, हे पोलंडच्या यान वॉयके यांनी १९६३ लाच दाखवलं होतं. जीन हाच आहे याची खात्री मात्र अंड्यात आरएनए टोचून, जीन दाबून झाली. तुमची रिकामी घरं म्हणजे बहुधा तेच खाल्लेले नर. राणी दोषी नाही, लग्न जवळच्या नात्यात झालंय. लांबच्या, म्हणजे पाचदहा किलोमीटर पलीकडच्या एखाद्या मधपाळाशी दोनतीन चौकटींची अदलाबदल करा, रोग नाही ना ते बघून, आणि पुढच्या राण्या निदान चारपाच वेगवेगळ्या वसाहतींपासून घ्या.

आणि निवड करायची तर पेटीची टापटीप बघून करा. झाकलेल्या पिलाव्यातली शंभर घरं टाचणीनं टोचायची, आतला कोष मरतो, चोवीस तासांनी किती घरं साफ केली ते मोजायचं. जी वसाहत जवळजवळ सगळी साफ करते तिची राणी वाढवायची. रोगट पिलं लवकर ओळखून बाहेर टाकायची ही सवय रक्तातून येते, रोथेनबुलर यांनी १९६४ मधे दाखवलं, आणि ती वाढवायला ना सुई लागते ना परवानगी.

प्रश्न : ताई, आमच्याकडे सातेरी (आपली देशी मधमाशी) आहे, वडिलांपासून. पावसाळ्यानंतर अळ्या मरतात, चिमट्यानं काढली तर पाण्याची पिशवीच हातात येते. दोन पेट्या माश्या सोडून गेल्या. जीन बदलून हा रोग न होणारी सातेरी करता येणार नाही का? लोक म्हणतात मेलिफेरा घ्या. (सुरगाणा)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हा थाई सॅकब्रूड, व्हायरसचा रोग. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला केरळ-कर्नाटकात यानं सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती पुसून टाकल्या, मधपाळांनी पेट्या परसात उलट्या करून ठेवल्या होत्या.

जीन बदलून करता येईल का, तर तत्त्वतः सुई सातेरीच्या अंड्यातही जाते, तिचा जीनोमही २०१५ मधे छापला गेलाय. पण व्हायरसला नकार देणारा असा एखादा जीन हातात नाहीये जो बसवला की झालं. त्यापेक्षा जवळचा रस्ता म्हणजे जीनला हात न लावता व्हायरसचा निरोप तोडणारा आरएनए साखरपाण्यातून खाऊ घालायचा, चीन आणि कोरियात सातेरीच्याच जातीवर सॅकब्रूडसाठी असे प्रयोग झालेत. अजून एक वाट मला फार आवडली, २०२० मधे टेक्सस विद्यापीठात नॅन्सी मोरान आणि जेफ्री बॅरिक यांच्या लोकांनी माशी तशीच ठेवली आणि तिच्या पोटात नेहमी राहणारा एक बॅक्टेरिया बदलला, तो पोटात बसून असा आरएनए बनवत राहतो. पंख वाकडे करणाऱ्या व्हायरसची लागण केलेल्या माश्या दहाव्या दिवसापर्यंत जगण्याची शक्यता साडेछत्तीस टक्क्यांनी वाढली, आणि त्या माश्यांवर पोसलेली वरोआ मरण्याचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढलं. पण हे मेलिफेरावर, लॅबमधल्या डब्यात झालं, आपल्या पाड्यावर यायला वेळ आहे.

तोवर काय? रोगट चौकट दुसऱ्या पेटीत अजिबात टाकू नका, त्या पेटीचा चिमटा, सुरी वेगळी ठेवा, रोगाची साखळी तोडायला राणीला दोनतीन आठवडे पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवा म्हणजे व्हायरसला नवीन अळीच मिळत नाही, पेटी लहान करा, माश्यांनी चौकटी झाकलेल्या राहू द्या. आणि रानात ज्या सातेरीच्या वसाहती रोगाच्या वर्षातही तगल्या त्या कुठल्या झाडाच्या ढोलीत आहेत ते लक्षात ठेवा, तुमचं पुढचं बी तिथे आहे. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, दोन्हीकडे सातेरीचं काम चालतं, त्यांना नमुना दाखवा.

मेलिफेरा घ्या म्हणणाऱ्यांना एक सांगा. ज्या वरोआपायी सगळं जग रडतंय ती मूळची सातेरीच्याच घरची. सातेरी तिला अंगावरून ओरबाडून काढते, आणि वरोआचं बस्तान तिच्याकडे बहुतेक नराच्या घरांतच बसतं, त्यामुळे वसाहत कोसळत नाही. मेलिफेराकडे उडी मारली तेव्हा तिचं भूत झालं. परदेशातल्या लॅबमधे जे मिळवायला सुया झिजवतायत त्यातलं थोडं तुमच्या परसातल्या पेटीत वडिलांनी ठेवून दिलंय. कृपा करून ती सोडू नका.

प्रश्न : मी रोज मुलाला चमचाभर मध देते. आता तो पण जीएम असतो का? (नाशिकरोड)

जीन बदललेल्या माशीचा मध बाजारात नाही, त्यामुळे ती काळजी नको. जीन बदललेल्या पिकाचा पराग मात्र मधात येऊ शकतो, आपल्याकडे २००२ पासून बीटी कापूस आहे आणि कापसावर माश्या जातात. युरोपात यावर मोठा खटला झाला, बव्हेरियातल्या मधपाळांच्या मधात जीएम मक्याचा पराग सापडला आणि २०११ मधे तिथल्या वरच्या कोर्टानं असा मध परवानगीशिवाय विकता येणार नाही म्हटलं, मग २०१४ मधे कायद्यात पराग हा मधाचा नैसर्गिक भागच आहे असं स्पष्ट केलं. मुलगा एक वर्षाच्या आतला असेल तर मात्र मध अजिबात देऊ नका, कुठलाही, कितीही शुद्ध, बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषानं होणाऱ्या आजाराचा, धोका असतो. हे जीएमपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

प्रश्न : मी आठवीत आहे. यूट्यूबवर माशीच्या पाठीवर क्यूआर कोड चिकटवलेला बघितला. तिला त्रास होत नाही का? (सिन्नर)

बाळा, छान विचारलंस. तो तुकडा दोनेक मिलिमीटरचा असतो आणि पंखांच्या मधोमध, पाठीच्या टणक भागावर लावतात, पंखाला किंवा मानेला डिंक लागला तर मात्र त्रास होतो, म्हणून हात फार हलका लागतो. आम्ही मधपाळ राणीच्या पाठीवर तिथेच रंगाचा ठिपका देतो, गर्दीत पटकन सापडावी आणि वय कळावं म्हणून, आणि जगभर रंग ठरलेले आहेत. वर्षाच्या शेवटी १ किंवा ६ असेल तर पांढरा, २ किंवा ७ ला पिवळा, ३-८ ला लाल, ४-९ ला हिरवा, ५ किंवा ० ला निळा. आमच्या दिंडोरीच्या पेटीत एक हिरव्या ठिपक्याची राणी आहे, २०२४ ची. आता हळू चालते, पण ती ज्या चौकटीवर असेल तिथल्या माश्या अजून तिच्याकडे तोंड करून गोल उभ्या राहतात. आईबाबांना घेऊन ये एखाद्या रविवारी सकाळी, पांढरा शर्ट घालून ये, सेंट लावू नको, आणि तिला शोधायचं काम तुझं.